कुलूप लावलेल्या घराची आखाजी

आबांनी आंबा खायला नकार दिला, तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

आबा म्हणजे माझे वडील. पंच्याहत्तरी ओलांडलेले, धुळ्याकडच्या पांझरेकाठच्या एका गावात सगळा जन्म शेतीत घालवलेले. आणि आम्ही उभे होतो ग्वाटेमाला नावाच्या देशात, डोंगरातल्या एका माया गावाच्या बाजारात. माया म्हणजे त्या मुलखातले मूळचे लोक, स्पॅनिश माणसं तिकडे पोचायच्या कितीतरी आधीपासूनचे. हातमागावर विणलेली रंगीत पोलकी घातलेल्या बाया टोपल्यांत मका, मिरच्या, घेवडा मांडून बसल्या होत्या. एकीकडे आंब्यांचा ढीग होता. तो बघून आमच्या ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, कुठलं राहवतंय! त्यांनी चांगले पिवळेधमक आंबे निवडून घेतले, तिथल्याच नळावर धुतले आणि सगळ्यांच्या हातात एकेक ठेवला. आमची लेक लगेच चोखायला लागली, मीही लागले. आबांनी आंब्याचा वास घेतला आणि तो परत पिशवीत टाकला.

"काय झालं आबा? गोड आहे की," मी म्हटलं.

"आखाजी झाली नही आजून," आबा म्हणाले. "तुनी मायले दखाडाबिगर मी कसा खाऊ?"

आखाजी म्हणजे अक्षयतृतीया. बाकी महाराष्ट्र त्या दिवशी सोनं घेतो, आम्ही खान्देशी माणसं घागर भरतो. कोऱ्या मातीच्या घागरीत पाणी भरायचं, तिच्यावर आंबे ठेवायचे, पुरणपोळीचा आणि आमरसाचा घास चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकायचा आणि घरातल्या गेलेल्या माणसांना जेवायला बोलवायचं. ती जेवली की मग आपण आंबा खायचा, त्याआधी नाही. आई श्रावणात गेली होती, म्हणजे ही तिची पहिली आखाजी होती. आम्ही घरी परतलो की मग आखाजी येणार, असा आबांचा हिशेब होता, आणि तिथी-वाराच्या बाबतीत आबा म्हणतील ती पूर्व दिशा. म्हणून आमच्यापैकी एकानेही कॅलेंडर उघडलं नव्हतं.

लेकीने तिथेच फोनवर बघितलं. तिचं तोंड उतरलं.

"आई, आखाजी या रविवारी आहे."

"मंग धोंडा कथा गया?" आबांनी विचारलं.

त्या वर्षी अधिक महिना होता, आम्ही त्याला धोंड्याचा महिना म्हणतो. धोंडा आला की सण महिनाभर पुढे सरकतात, हे आबांचं बरोबर होतं. पण धोंडा पडला होता ज्येष्ठात. म्हणजे पोळा, गणपती, दिवाळी सरकणार होती. वैशाखातली आखाजी धोंड्याच्या आधीच उरकणार होती. हिवाळ्यात तिकिटं काढली तेव्हा नवं कॅलेंडर भिंतीवर यायचं होतं. आबा म्हणाले होते, "काढा तिकिटं, यंदा धोंडा शे, आखाजी लांब जाई," आणि आम्ही काढली.

लेकीने त्यांना फोनमधली तिथी दाखवली. आबांनी चष्मा चढवून ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि बाजाराच्या पायरीवर बसले. मला वाटलं, आता चिडतील, आमच्यावर तोंडसुख घेतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"घर बंद शे," ते हळूच म्हणाले. "ती येई, दाराले कुलूप देखी, आन तशीच मांगे फिरी जाई."

त्या कुलपाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. विमानतळावर निघताना आबांनीच माझ्याकडे दिली होती, हरवायला नको म्हणून. हातातला अर्धा आंबा मी खाली ठेवला.

मुळात या सहलीला माझा विरोध होता, ते सांगून टाकते. लेक अमेरिकेत नोकरी करते. दरवर्षीच्या सुट्टीतले काही दिवस ती या डोंगरातल्या गावांत येऊन चुली बांधते. एक छोटी संस्था आहे, ती सामान पुरवते, येणारी मंडळी हातांनी काम करतात. तिने ठरवलं, यंदा सगळ्यांनी मिळून जायचं, आबांना घेऊन. मी शाळेत मास्तरीण, मला असल्या गोष्टी चटकन पटत नाहीत. मी म्हटलं, आपल्या गावात चुली संपल्या का? सातासमुद्रापार जाऊन दुसऱ्यांच्या घरात माती कालवायची हौस कशाला? ती रागावली नाही. म्हणाली, "आई, आजी कशाने गेली?"

आजी, म्हणजे माझी आई, धुराने गेली. आयुष्यभर चुलीपुढे बसून तिची फुप्फुसं कामातून गेली होती. शेवटची दोन-तीन वर्षं ती बसून झोपायची, आडवी झाली की खोकल्याची उबळ यायची. घरात गॅस आला होता, सिलिंडर कोपऱ्यात उभा असायचा, पण त्यावर चहाच तेवढा व्हायचा. आजीच्या छातीचा फोटो लेकीनेही पाहिला होता. डॉक्टरांनी तिलाच विचारलं होतं, तुमची आजी विडी ओढते का. म्हणून ती चुली बांधते, धूर नळकांड्यातून छपराबाहेर नेणाऱ्या. आणि आई गेल्यापासून आबा उंबऱ्याबाहेर पडत नव्हते, जेवायला बसले की ताटात बघत राहायचे. त्यांना तिथून उठवायला हवं, हे मलाही कळत होतं. अखेर मी मान तुकवली.

आमच्या वाट्याला एका म्हाताऱ्या बाईचं घर आलं होतं. वयाने आबांच्याच बरोबरीची असेल. कच्च्या विटांच्या भिंती, वर पत्रे, आतून सगळं काजळीने काळंकुट्ट. मधोमध तीन दगडांची चूल, तिच्यावर मातीचा मोठा तवा आणि त्यावर मक्याच्या हातावर थापलेल्या भाकरी. आबा दारातून आत वाकले, तीन दगड बघितले आणि म्हणाले, "आपलीच चूल शे ही." त्यांनी त्या बाईला पहिल्याच दिवशी अक्का म्हणायला सुरुवात केली. तिला काय कळणार! पण तिने मान हलवली आणि पुढे त्या हाकेला ओ देऊ लागली.

बोलणं म्हणजे एक दिव्यच होतं. आबा अहिराणीत सांगणार, मी ते लेकीला नीट मराठीत सांगणार, लेक संस्थेच्या ताईंना इंग्रजीत सांगणार आणि त्या ताई अक्काला माया बोलीत. ताई त्याच गावच्या, शिकून परत आलेल्या. उत्तर त्याच वाटेने माघारी यायचं. तोवर आबा आणि अक्का एकमेकांकडे बघून हातांनीच अर्धं बोलून मोकळे झालेले असायचे.

आमच्या ह्यांनी सगळी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरवर केली. त्यामुळे चुलीचं काम त्यांनी मनावर घेतलं. "आभाळाला टेकणाऱ्या चिमण्या सांभाळल्या, आता ही बुटकी सांभाळतो," म्हणत त्यांनी पहिल्याच सकाळी तीन दगडांतला एक उचलून अंगणात नेऊन टाकला. नव्या चुलीला जागा हवी ना. चूल पेटायची होती, अक्का बाजूला पीठ मळत होती. ती उठली, अंगणात गेली, दगड पोटाशी धरून आत घेऊन आली आणि होता तिथे ठेवला. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

ताईंनी समजावून सांगितलं. हे दगड अक्काच्या सासूने मांडलेले. याच विस्तवाशेजारी तिची पोरं जन्मली, घरातली गेलेली माणसं याच विस्तवापाशी येतात. नवी चूल तिला हवी आहे, खोकला तिलाही आहे. पण दगड घराबाहेर जाणार नाहीत. नव्या चुलीचा ओटा आतून पोकळ असतो, त्यात भर घालावी लागते. मग असं ठरलं की त्या भरीत तिन्ही दगड तळाला बसवायचे. अक्काने ते स्वतः बसवले, आमच्या कोणाचा हात लागू दिला नाही. चूल होईपर्यंत ती अंगणात दुसरे दगड मांडून स्वयंपाक करू लागली.

बाजारातला आंब्याचा प्रसंग घडला तो दुसऱ्या दिवशी. त्यानंतर आबा कामावर यायचे, पण हात चालायचा नाही. विटा भिजवायचं काम त्यांच्याकडे होतं. बादलीत वीट टाकून ते तशीच विसरायचे.

मी गावी चुलतभावाला फोन लावला. तो आबांच्या घरापासून चार घरं सोडून राहतो. सगळं ऐकून तो म्हणाला, "ताई, काळजी नको. कुलूप तोडतो, नवं लावतो. घागर भरून टाकू." मला ते लाख पटलं. मी आबांना सांगितलं.

"आखाजीना दिन घरनं कुलूप तोडानं?" आबा म्हणाले. "घर का चोरनं शे?"

"मग त्यांच्याच घरी भरू दे ना. त्यांच्या घागरीबरोबर आईचीही एक."

"ती जलमभर कोनाकडे जेवाले गयी नही. आते जाई का?"

माझा संताप झाला. मी त्यांना म्हटलं, आबा, गेलेलं माणूस कुलूप बघत नाही, किल्ली बघत नाही. तुम्ही जिवंत माणसांना छळताय. लेक इतक्या हौसेने घेऊन आली आणि तुम्ही तोंड पाडून बसलाय. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि लहानपणी मला ताप आला की ते जसे बघायचे तसे त्यांचे डोळे होते. माझा राग तिथेच विरघळला. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मला रडू कोसळलं, कारण खरं सांगायचं तर आई दारातून परत जाताना मलाही दिसायला लागली होती. डोक्यावरचा पदर सारखा करत, आजूबाजूला कोणी बघितलं तर नाही ना, अशी.

दुपारी बाकीची मंडळी सावलीला बसायची तेव्हा आबा अंगणातल्या चुलीपाशी अक्काच्या समोर जाऊन बसायचे. वारा फिरला की धूर अक्काच्या तोंडावर यायचा, ती खोकायची, पदराने, म्हणजे तिच्या त्या विणलेल्या फडक्याने, डोळे पुसायची आणि भाकरी उलटायची. एकदा मी पाणी घेऊन गेले तर आबा म्हणाले, "गॅस व्हता आपला घरमा."

"हो, होता."

"माले चुलीवरनी भाकर लागे. मनाकरताच ती चुलीफुडे बसे." मग म्हणाले, "ती मने, गॅसनी भाकर तुमले गोड लागत नही. मी कधी मनं नही, का गोड लागस."

हे त्यांनी कोणाकडेच बोललेलं नव्हतं. दवाखान्यात नाही, दहाव्याला नाही. "असं नसतं आबा," म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तसंच होतं, आणि ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. आमच्याकडच्या घरोघरी तसंच आहे.

शनिवारी संध्याकाळी चूल पुरी झाली. वर लोखंडी पत्रा, पुढे लाकडं घालायचं तोंड, मागून छपराबाहेर गेलेलं नळकांडं. रविवारी सकाळी पहिला जाळ करायचा होता. त्याच सकाळी चुलतभावाचा फोन आला. त्यांच्याकडे तेव्हा दिवस मावळला होता, पुरणपोळ्या खाऊन मंडळी ओट्यावर बसली होती. तो म्हणाला, "आबा, आमच्या घागरी झाल्या. तुमच्या ओट्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवून आलोय."

आबांनी त्याला बरं म्हटलं, फोन माझ्याकडे दिला आणि मग मला म्हणाले, "ओटावर पानी त वाटसरूले देतस. ती काय वाटसरू शे का?"

आम्ही सगळे अक्काच्या स्वयंपाकघरात जमलो. मला वाटलं होतं, काडी ओढायची, टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचे. लेकीने फोन सरसावलाही होता. पण अक्काने हाताने खूण करून सगळ्यांना थांबवलं. तिने चुलीच्या तोंडात बारीक लाकडं रचली, राळेचे खडे ठेवले, मक्याचे दाणे आणि भाकरीचा तुकडा ठेवला आणि पेटवलं. जाळ धरल्यावर ती खाली वाकून चुलीशी बोलू लागली. बराच वेळ बोलत होती, मध्ये मध्ये नावं घेत होती हे आम्हालाही कळत होतं.

"काय सांगते आहे ती?" मी विचारलं. ताईंनी लेकीला सांगितलं, लेकीने मला.

"घरातल्या गेलेल्या माणसांना सांगतेय. तुम्ही त्या तीन दगडांपाशी यायचा, आता विस्तवाची जागा बदलली आहे. दगड इथे खालीच आहेत. गोंधळू नका, इकडे या. सांगितलं नाही तर ती शोधत फिरतील, असं म्हणतेय."

मी ते आबांना सांगितलं. आबा भिंतीला टेकून उभे होते. ते ताठ झाले.

"सांगं त येतस का?"

"ती तर तसंच म्हणतेय."

आबा चुलीकडे बघत राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "अक्काले इचार," ते म्हणाले, "मनंबी एक मानूस शे. लांबथीन येवानं शे. तिले आठे बलाई लेऊ का?"

मी ते लेकीला मराठीत सांगितलं. लेकीने ते ताईंना इंग्रजीत सांगितलं. ताईंनी अक्काला सांगितलं आणि कोणाबद्दल आहे तेही सांगितलं. अक्काने आबांकडे पाहिलं. ती पुढे आली, त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना चुलीपाशी आणून उभं केलं. या उत्तराचं भाषांतर कोणाला करावं लागलं नाही.

मग आमची एकच धांदल उडाली. घागर हवी. तिकडे बाया पाणी आणतात त्या प्लास्टिकच्या घागरीतून, आकार मातीच्या घागरीचा आणि अंगावर रंगीत पट्टे. मी आदल्याच दिवशी बाजारातून एक कोरी आणून ठेवली होती. का आणली, ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मी ती आबांपुढे धरली. म्हटलं, आता म्हणतील, प्लास्टिकमध्ये तुझी माय पाणी पिईल का. त्यांनी ती घेतली, अंगणातल्या नळावर जाऊन स्वतः भरली आणि आत आणून चुलीशेजारी ठेवली. ह्यांनी पिशवीतला आंबा पुसून तिच्या तोंडावर ठेवला. पुरणपोळी कुठली आणणार! अक्काने मक्याची भाकरी दिली, लेकीने तिच्यावर दुसरा आंबा पिळला.

राहिलं कुंकू. ते माझ्या पर्समध्ये होतं, किल्लीशेजारीच. आमच्याकडे आखाजीला उंबरठ्यावर कुंकवाची बोटं ओढतात, एका माणसाचं एक बोट, आणि ते ओढताना त्याचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की ते माणूस उंबरठा ओलांडून आत येतं. अक्काच्या दाराशी पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून एक जाड फळी आडवी बसवलेली होती. तीच आमचा उंबरठा झाली. दुसऱ्याच्या उंबरठ्यावर आपली माणसं मांडायची, म्हणून आबांनी आधी अक्काकडे बघितलं. तिने हात पुढे करून बसा म्हटलं.

आबा उकिडवे बसले. कुंकवात बोट बुडवून त्यांनी आपल्या आजोबांचं नाव घेतलं आणि एक रेघ ओढली. मग आजीचं, मग वडिलांचं, आईचं, तरुणपणी विहिरीत गेलेल्या भावाचं. रेघा सरळ उतरल्या.

अक्का वाकून बघत होती. तिने ताईंना काही विचारलं, ताईंनी सांगितलं. मग ती फळीच्या दुसऱ्या टोकाला गुडघे टेकून बसली आणि तिने हात पुढे केला. मी कुंकवाची डबी तिच्यासमोर धरली. तिने एक रेघ ओढली, नाव घेतलं. दुसरी ओढली. तिसरी. ती थांबेना. रेघा फळीवरून आबांच्या रेघांकडे सरकत आल्या. आतापर्यंत प्रत्येक गोष्ट समजावून सांगणाऱ्या ताई फळीशेजारी गुडघे टेकून बसल्या. त्या देशात एकेकाळी लष्कराने माया लोकांची गावंच्या गावं मारली होती, हे लेकीने येताना विमानात आम्हाला सांगितलं होतं. तेव्हा मी ते जेवणाचा ट्रे सांभाळत ऐकलं होतं. आता ते डोळ्यांसमोर होतं, लाल, एकाशेजारी एक. आबांनी अक्काचा हात थांबेपर्यंत वाट पाहिली. शेवटी दोघांच्या रेघांमध्ये एका बोटापुरती जागा उरली.

ती आईची होती.

आता नाव घ्यायचं होतं, आणि मला लख्ख जाणवलं की आबांना ते घेता येणार नाही. त्यांच्या पिढीत नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही. जन्मभर त्यांनी तिला "अवं" म्हणूनच हाक मारली. रेशनकार्डावर तिचं नाव विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवायचे, हिला विचारा म्हणून. दवाखान्यातल्या नर्सने पेशंटचं नाव विचारलं तेव्हाही तेच. घरी असतो तर हे काम चुलतभावाने केलं असतं. इथे दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी पुढे झाले, त्यांच्या शेजारी टेकले आणि बोट कुंकवात बुडवलं.

"थांब," आबा म्हणाले.

त्यांनी स्वतःचं बोट बुडवलं. ते फळीवर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. ह्यांनी मान खाली घातली. लेक माझा दंड घट्ट धरून उभी होती.

मग आबांनी आईचं नाव घेतलं. स्पष्ट, पूर्ण, शेतातून घराकडे हाक मारावी एवढ्या मोठ्याने. नवऱ्याच्या तोंडून आपलं नाव माझ्या आईने जिवंतपणी कधी ऐकलं नव्हतं. मीही ते त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांचं आहे.

रेघ ओढून झाली. आबा उठले, चुलीपाशी गेले आणि आंबा पिळलेल्या भाकरीचा घास त्यांनी विस्तवात टाकला. रस चरचरला. एक जाडसर धूर उठला, चुलीच्या तोंडाशी घुटमळला आणि मागे वळून नळकांड्यातून निघून गेला. आबा वाकून बघत राहिले. खोलीत धुराचा मागमूस नव्हता. त्यांनी चुलीपुढची पाटावजा बुटकी खुर्ची, अक्काची बसायची, हाताने झटकली, सरळ मांडली आणि तिच्याकडे बघत म्हणाले,

"बस आते. आठे धूर लागाव नही."